करवतीनं कापलेलं घर आणि चिकटपट्टीनं जोडलेले फोटो

हेडफोन लावलेत ना? लोकलमध्ये उभे असाल तर दांडी नीट धरा, कारण आज मी तुम्हाला अशा एका घरात नेणार आहे ज्याच्या बरोबर मधून भेग गेलेली आहे. छपरापासून जोत्यापर्यंत. भूकंपानं पडलेली नाही, एका माणसानं मुद्दाम पाडलेली आहे. करवतीनं.

हो, ऐकायच्या माध्यमात बघायच्या गोष्टीबद्दल बोलायचं म्हणजे जरा गंमतच आहे. पण एक विनंती: लगेच फोटो शोधायला जाऊ नका. आधी ऐका, डोक्यात तुमचं चित्र तयार होऊ द्या, मग फोटो बघा. तुमचं चित्र आणि तो फोटो यांच्यात जे अंतर पडेल ना, तोच आजचा विषय आहे.

तर साल १९७४. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात एंगलवूड नावाचं गाव, न्यूयॉर्कपासून फार लांब नाही. तिथल्या हम्फ्री स्ट्रीटवर ३२२ नंबरचं एक दुमजली लाकडी घर. अगदी साधं, उतरतं छप्पर, पुढे ओटा. लहान मुलाला घर काढ म्हटलं की तो जसं काढतो, तसं. ते पाडायचं ठरलेलं होतं. राहणारे भाडेकरू आधीच बाहेर काढलेले होते. घराचे मालक होते हॉरेस आणि हॉली सॉलोमन, कलेत रस असलेलं जोडपं, आणि त्यांनी हे घर एका तिशीतल्या तरुणाच्या हवाली केलं. त्याचं नाव गॉर्डन मॅटा-क्लार्क.

त्यानं काय केलं? चेनसॉ घेतली. ती झाडं तोडायची मोटारवाली करवत असते ना, ती. घराच्या मधोमध दोन समांतर छेद घेतले, अगदी जवळजवळ, आणि मधली पट्टी काढून टाकली. भिंत, फळ्या, जिना, जमीन, वरच्या मजल्याची जमीन, पोटमाळा, छप्पर, वाटेत जे आलं ते कापलं. आता घराचे दोन भाग झाले, पण दोन्ही सरळच उभे. मग त्यानं एका अर्ध्या घराला खालून जॅक लावले, मोटारीचं चाक बदलताना लावतो त्याच कुळातले. पायाच्या सिमेंटच्या ठोकळ्यांचा वरचा भाग त्यानं तिरका छाटला आणि जॅक हळूहळू उतरवून ते अर्धं घर त्या उतारावर टेकवलं. मॅनफ्रेड हेक्ट नावाचा एक मित्र मदतीला होता. अर्धं घर मागे कललं. थोडंसंच, काही अंशच. पण तेवढ्यानं ती समांतर चीर पाचरीसारखी झाली: खाली निमुळती, वर रुंद. आणि त्या पाचरीतून उजेड आत आला. या कामाचं नाव ‘स्प्लिटिंग’.

एक क्षण त्या घरात उभे राहून बघा. जिना चढताय. खाली भेग बारीक आहे, लक्षातही येत नाही. दोन पायऱ्या वर गेलात, ती थोडी रुंदावली. अजून वर, आता ती पाय लांब टाकून ओलांडावी लागते. एलिस आयकॉक नावाच्या शिल्पकार बाई तेव्हा ते घर बघायला गेल्या होत्या, त्यांनी पुढे नेमकं हेच सांगितलंय की वर जाल तशी भेग रुंदावत जाते आणि आपल्याला ती पुन्हा पुन्हा पार करावी लागते. म्हणजे हे शिल्प डोळ्यांनी बघायचं राहतच नाही, गुडघ्यांनी आणि पोटात पडणाऱ्या खड्ड्यानं बघायचं होतं. ज्या जमिनीवर आपण जन्मभर विचार न करता पाय टाकतो, ती जमीन अचानक प्रश्न विचारायला लागते.

न्यूयॉर्कहून एक बस भरून मित्रमंडळी आली, घर बघून गेली. काही महिन्यांत घर पाडलं. संपलं.

आता इथे खरी अडचण सुरू होते. हे शिल्प उभं होतं तेव्हा किती लोकांनी पाहिलं? मोजक्या. तुम्ही-मी तिथे जाऊ शकत नाही. मॅटा-क्लार्कनं कापलेल्या इमारतींपैकी जवळपास सगळ्या गेल्यात. आपल्याकडे आहेत ते फोटो, थोड्या फिल्म्स, आणि इमारतींचे कापून ठेवलेले काही तुकडे. या घराचे चार कोपरे, म्हणजे छपराच्या वळचणीचे चार कोपरे, त्यानं कापून ठेवले होते. ते आज सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कला संग्रहालयात आहेत. चार कोपरे आहेत, मधलं घर नाही. मला ते फार आवडतं.

पण फोटोवर येऊ. त्याच्यापुढे प्रश्न असा होता की जे काम शरीरानं अनुभवायचं, ते सपाट कागदावर कसं न्यायचं? ‘फोटो काढला, झालं’ इतकं ते सोपं नाही. का, ते जरा समजून घेऊ.

आपल्याला खोली ‘खोल’ का दिसते? एक तर दोन डोळे, दोघांना किंचित वेगळी चित्रं मिळतात. दुसरं म्हणजे आपण हलतो. एस्टीच्या खिडकीतून बाहेर बघा: जवळचे खांब सटासट मागे जातात, लांबचा डोंगर मात्र आपल्याबरोबर चालल्यासारखा वाटतो. या फरकावरून मेंदू अंतराचा अंदाज बांधतो. घरातही तेच, फक्त बारीक प्रमाणात. मान थोडी हलवली की दाराची चौकट मागच्या भिंतीवरून सरकते आणि मेंदूला कळतं, चौकट अलीकडे, भिंत पलीकडे. तिसरं, शरीराला वर-खाली कळतं. डोळे मिटून सुद्धा कळतं.

कॅमेऱ्याला यातलं काही नाही. एकच डोळा, तोही स्थिर. साध्या खोलीत त्याचं भागतं, कारण खोली कशी असते हे आपल्याला आधीच माहीत असतं. कोपरे काटकोनात, जमीन खाली, छत वर, एवढं गृहीत धरून आपण फोटो वाचतो. पण ज्या घरात जमिनीलाच भोक आहे, भिंत कललेली आहे आणि जिना मधूनच तुटलाय, तिथे ती सगळी गृहीतकं कोसळतात. मग एकच फोटो काढलात तर दिसतं काय? एक काळी-पांढरी नक्षी. भोक आहे की सावली आहे की रंगवलेला डाग आहे, कळत नाही. एकच फोटो त्या घराला पुरतच नाही.

मग त्यानं काय केलं, तर घराला जे केलं तेच फोटोला केलं. कापलं आणि जोडलं. तळमजल्याचा फोटो, वरच्या खोलीचा फोटो, जिन्याचा, पोटमाळ्याचा. त्यांच्या कडा कापल्या, एकाला एक चिकटवल्या. सगळ्यांतून ती एकच भेग जाते, तोच दोरा. त्या कोलाजमध्ये तुमची नजर एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाते, जमिनीतून आरपार. अशा जागी कुठलाही माणूस उभा राहू शकणार नाही, कारण एकाच वेळी खालच्या आणि वरच्या खोलीत कोणी नसतो. तरी ते चित्र खोटं वाटत नाही. उलट, त्या घरात फिरून आल्यावर डोक्यात जी आठवण उरली असती ना, तिच्या ते जास्त जवळचं आहे. आठवणीत आपण घर कुठे एका कोपऱ्यातून बघतो? आठवणीत स्वयंपाकघर आणि गच्ची शेजारी-शेजारीच असतात.

आणि सांधे त्यानं लपवले नाहीत. कडा जुळत नाहीत, रेषा मोडतात, एका फोटोतला उजेड दुसऱ्यापेक्षा वेगळा आहे. सगळं उघड्यावर.

इथे तुमच्या फोनची आठवण यायला हवी. पॅनोरमा! फोन हळूहळू फिरवायचा, तो पट्ट्या-पट्ट्या टिपतो आणि शिवून एक लांब फोटो देतो. मॅटा-क्लार्क कात्रीनं जे करत होता तेच फोन आतल्या आत करतो. फरक एवढाच की फोन शिवण लपवतो. मधूनच कोणी चालत गेलं तर त्याला तीन हात येतात किंवा कुत्र्याला धडच उरत नाही, तेव्हाच आपल्याला कळतं की अरे, हा फोटो एकसंध नाहीये, जोडलेला आहे. आपण त्याला चूक म्हणून हसतो. माझ्या मते त्या क्षणी फोन खरं बोललेला असतो.

बरं, आता हा माणूस कोण, ते पटकन सांगतो. जन्म १९४३, न्यूयॉर्क. वडील रोबेर्तो मॅटा, चिलीचे नावाजलेले सर्रिअलिस्ट चित्रकार. आई ॲन क्लार्क, त्याही कलाकार. दोघांची नावं जोडून मॅटा-क्लार्क. कॉर्नेल विद्यापीठात आर्किटेक्चर शिकला, १९६८ मध्ये बाहेर पडला, आणि इमारत बांधण्याचा धंदा काही केला नाही. मित्रांबरोबर ‘अनार्किटेक्चर’ नावाचा एक गट केला, म्हणजे अनार्की अधिक आर्किटेक्चर. १९७१ मध्ये सोहो भागात ‘फूड’ नावाचं खाणावळवजा रेस्टॉरंट काढण्यात कॅरोल गुडनबरोबर तोही होता. कलाकार रांधायचे, कलाकार वाढायचे, कलाकारच खायचे. त्यावर वेगळा भाग करावा लागेल, आज नको. १९७८ मध्ये कर्करोगानं तो गेला, वय फक्त ३५. इमारती कापायचं सगळं काम साधारण सहा-सात वर्षांतलं.

सुरुवात ब्राँक्समधून झाली. ब्राँक्स हा न्यूयॉर्कचा तेव्हाचा सगळ्यात वाईट अवस्थेतला भाग. इमारती ओस पडलेल्या, काही जळलेल्या. १९७२-७३ च्या सुमारास तो अशा रिकाम्या इमारतींत शिरायचा, परवानगी वगैरे न घेता, आणि जमिनीचे चौकोनी तुकडे कापून काढायचा. ‘ब्राँक्स फ्लोअर्स’. कापलेला तुकडा गॅलरीत ठेवायचा, वर लिनोलियमचे थर, खाली लाकूड, त्याखाली खालच्या खोलीचं छत. म्हणजे एकाच्या पायाखालचं आणि दुसऱ्याच्या डोक्यावरचं, मधे जेमतेम वीतभर जाडी. आणि तुकड्याबरोबर त्या भोकाचा फोटो. इथे वस्तू आहे पण जागा नाही, तिथे जागा आहे पण वस्तू नाही. दोन्ही मिळून शिल्प.

आपल्याकडे जुना वाडा किंवा चाळ पाडताना हे थोडंफार दिसतं. शेजारच्या इमारतीला चिकटलेली एक भिंत उरते, तिच्यावर एका खोलीचा निळा रंग, वरच्या मजल्याचा गुलाबी, देवघराचा कोनाडा, कॅलेंडरचा खिळा. रस्त्यावरून जाणाऱ्याला अचानक कोणाचं तरी आतलं दिसतं. पण ते आपोआप झालेलं असतं. मॅटा-क्लार्क कुठे कापायचं ते ठरवत होता.

ठरवण्याचं सगळ्यात भारी उदाहरण पॅरिसचं, १९७५. पॅरिस बिएनालेसाठी केलेलं काम, नाव ‘कोनिकल इंटरसेक्ट’. बोबूर भागात २७ आणि २९ नंबरची दोन जोडघरं, सतराव्या शतकातली. तो सगळा परिसर तेव्हा उलथापालथ होत होता. जवळचं ‘ले आल’ हे शतकानुशतकांचं घाऊक बाजारपेठेचं ठिकाण, १९६९ मध्ये ते शहराबाहेर रुंजीसला हलवलं आणि जुने लोखंडी मंडप पाडायला घेतले. या दोन घरांच्या शेजारी पोंपिदू सेंटर उभं राहत होतं, रेंझो पियानो आणि रिचर्ड रॉजर्स यांचं. पाईप, जिने, सांगाडा सगळा बाहेर असलेली ती इमारत. घरं पाडली जाणार हे ठरलेलंच होतं.

यानं काय केलं, तर दोन्ही घरांतून एक शंकू कोरला. भला मोठा, आडवा-तिरका शंकू. रस्त्याकडच्या भिंतीला त्याचं तोंड, साधारण चार मीटर व्यासाचं गोल भोक, आणि मग तो आत लहान होत होत वर, शेजारच्या घराच्या छपराकडे गेलेला. मधे भिंत आली तर भिंतीत गोल, जमीन आली तर जमिनीत लंबगोल, तुळई आली तर तुळई कापली. साधारण दोन आठवड्यांचं काम.

शंकूची कल्पना कुठून आली? अँथनी मॅकॉल यांची एक फिल्म आहे, १९७३ ची, ‘लाइन डिस्क्रायबिंग अ कोन’. अंधाऱ्या खोलीत धूर, प्रोजेक्टरमधून फक्त एक ठिपका पडद्यावर, आणि तो अर्ध्या तासात हळूहळू वर्तुळ काढतो. पडद्यावर नुसतं वर्तुळ, पण धुरातून जाणारा प्रकाश म्हणजे हवेत तरंगणारा पोकळ शंकू. लोक पडद्याकडे पाठ करून ती फिल्म बघतात, शंकूत हात घालतात. मॅटा-क्लार्कनं प्रकाशाचा तो शंकू दगड-चुन्यात आणला. म्हणजे बघा, आधी फिल्मचं शिल्प झालं, मग शिल्पाची इमारत झाली, मग त्या इमारतीचे त्यानं फोटो काढले. गोल फिरून पुन्हा भिंगापाशी!

त्या फोटोंमध्ये काय दिसतं, ते सांगतो. एका भोकातून दुसरं भोक, त्यातून तिसरं. प्रत्येकाच्या कडेला घराचा छेद: वॉलपेपर, त्यामागे चुना, लाकडी पट्ट्या, दगड. झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे थर. आणि काही फोटोंत या सगळ्यापलीकडे पोंपिदूचा नवाकोरा पोलादी सांगाडा. जुनं घर म्हणजे जणू दुर्बीण, आणि तिच्यातून दिसतंय तेच ज्याच्यासाठी परिसर मोकळा केला जातोय. भाष्य करायला एक शब्द लागला नाही. रस्त्यावरून जाणारे लोक थांबून वर बघायचे. काहींना राग आला, काहींना मजा वाटली. पुढे दोन वर्षांनी, १९७७ मध्ये पोंपिदू सुरू झालं. तोवर ही घरं कधीच गेली होती.

आता एक कडवट प्रश्न. एंगलवूडच्या त्या घरातून लोक बाहेर काढले गेले होते. ब्राँक्समध्येही कोणीतरी राहत होतंच. ज्याचं घर गेलं त्याच्या भिंतीला भोक पाडून त्याला शिल्प म्हणायचं, हे कितपत बरोबर? हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला, पुढे समीक्षकांनीही घेतला. घर म्हणजे कोणाचा तरी संसार, आणि त्याच्यावर करवत चालवणं ही हिंसाच आहे, असं म्हणणारे होते. मला हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. ‘स्प्लिटिंग’चे फोटो सुंदर आहेत, आणि त्यांच्या सौंदर्यात ते भाडेकरू कुठेच नाहीत. त्यांची नावं आपल्याला फोटोंतून कळत नाहीत.

पण दुसरी बाजूही आहे. १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका नामवंत वास्तुकला संस्थेत, इन्स्टिट्यूट फॉर आर्किटेक्चर अँड अर्बन स्टडीज तिचं नाव, एक प्रदर्शन होतं. मोठमोठ्या आर्किटेक्टांची मॉडेल्स मांडलेली. मॅटा-क्लार्कनं ब्राँक्समधल्या सरकारी वसाहतींच्या फुटक्या खिडक्यांचे फोटो आणले. आणि आदल्या रात्री एअर गननं त्या संस्थेच्याच खिडक्यांच्या काचा फोडल्या. त्याला म्हणायचं होतं की हे फोटो या फुटक्या खिडक्यांत लावायचे. संस्थेनं काय केलं? उद्घाटनाआधी घाईघाईनं सगळ्या काचा बदलून घेतल्या आणि त्याचं काम काढून टाकलं. आता विचार करा: ब्राँक्समधल्या काचा वर्षानुवर्षं फुटक्या राहतात आणि इथल्या काही तासांत बसतात. काम काढून टाकलं, पण त्याचा मुद्दा त्या नव्या काचांनीच सिद्ध केला. म्हणून मी म्हणेन की तो माणसं विसरला नव्हता. फक्त भिंती कापताना तो जितका नेमका होता तितका माणसांबाबत नेहमी नव्हता.

अजून एक छोटी गोष्ट, जागेबद्दलचीच. १९७३ मध्ये न्यूयॉर्क महापालिका जमिनीचे उरलेसुरले तुकडे लिलावात विकत होती. नकाशे आखताना मोजणीच्या चुकांमुळे मधे राहून गेलेल्या चिंधोट्या. यानं १५ तुकडे घेतले, १४ क्वीन्समध्ये, एक स्टेटन आयलंडवर. किंमत २५ ते ७५ डॉलर. एखादा तुकडा फूटभर रुंदीची लांबलचक पट्टी, काही तर अशा जागी की मालकालाही तिथे पोहोचायला वाट नाही. कायद्यानं तुमची जागा, पण पाय ठेवता येत नाही! त्यानं पट्टीच्या पूर्ण लांबीचे फोटो ओळीनं काढले आणि त्याशेजारी खरेदीखत आणि नकाशा ठेवला. नाव ‘फेक इस्टेट्स’. मुंबईत चौरस फुटाच्या भावावर आयुष्याचे हिशेब मांडणाऱ्या आपल्यासारख्यांना यातला विनोद वेगळा समजावून सांगायला नको. त्याच्यानंतर कर न भरल्यानं ते तुकडे पुन्हा पालिकेकडे गेले.

शेवटच्या दोन कामांत फोटो सगळ्यात पुढे गेले. १९७७, बेल्जियममधलं अँटवर्प, ‘ऑफिस बरोक’. पाच मजली रिकामी ऑफिसची इमारत. त्याला बाहेरून दिसेल असा मोठा गोलाकार छेद घ्यायचा होता, पण शहरानं नकार दिला. मग त्यानं सगळं आतच केलं. एकमेकांवर चढलेली दोन वर्तुळं हा आकार, कागदावर कपाच्या बुडाचे डाग उमटतात ना, तसा. हे आकार मजल्यामजल्यांतून कापत नेले. दोन वर्तुळं जिथे एकमेकांवर येतात तिथे होडीसारखा आकार पडतो. बाहेरून काहीच कळत नाही. आत गेलं की प्रत्येक मजल्यावर वेगळं भोक. आणि १९७८ च्या सुरुवातीला शिकागोच्या समकालीन कला संग्रहालयासाठी शेजारच्याच एका घरात गोल कापले, ‘सर्कस’ म्हणतात त्याला, ‘कॅरिबियन ऑरेंज’ असंही म्हणतात. संत्र्याची साल गोल-गोल कापायची एक तऱ्हा असते, ते नाव.

या कामांचे फोटो त्यानं रंगीत केले, सिबाक्रोम नावाच्या कागदावर. पण आता छापलेले फोटो कापून न जोडता त्यानं फिल्मच्याच पट्ट्या कापल्या, चिकटपट्टीनं एकमेकींना जोडल्या आणि त्यावरून थेट मोठा प्रिंट काढला. त्यामुळे प्रिंटमध्ये फिल्मच्या कडेची चौकोनी भोकं दिसतात, चिकटपट्टी दिसते, मधेच काळी पट्टी दिसते. इमारतीत भोक, फिल्मला भोक. बघणाऱ्याला वर कुठलं, खाली कुठलं, कळेनासं होतं. फोटो उलटा टांगला तर? बहुतेक चालेल. आणि हेच तर हवं होतं, कारण त्या इमारतीत उभं राहिल्यावरही हेच होत असणार.

ऑफिस बरोक वाचवायचा प्रयत्न झाला, हेही सांगायला हवं. तो गेल्यावर अनेक कलाकारांनी आपली कामं देणगी दिली, की ही इमारत संग्रहालय म्हणून ठेवू. जमलं नाही. १९८० मध्ये ती पाडली. पण देणगीतली कामं राहिली आणि त्यांतूनच पुढे अँटवर्पच्या समकालीन कला संग्रहालयाचा पाया पडला.

अशा तऱ्हेचं काम करणारा तो एकटा नाही. दोन नावं शोधून ठेवा. एक, फ्रान्सचे जॉर्ज रूस, जन्म १९४७. तेही पडक्या इमारतींत जातात, पण काही कापत नाहीत, रंगवतात. भिंत, खांब, जमीन, खिडकी, सगळ्यांवर रंगाचे वाकडेतिकडे पट्टे. खोलीत फिरलात तर नुसता पसारा. पण एका ठरावीक जागी कॅमेरा ठेवला की ते सगळे पट्टे जुळून हवेत तरंगणारं एक अचूक वर्तुळ दिसतं. एक पाऊल बाजूला, वर्तुळ मोडलं. म्हणजे मॅटा-क्लार्कच्या बरोबर उलटं. हा म्हणतो एका जागेवरून काहीच कळणार नाही, आणि रूस म्हणतात फक्त एकाच जागेवरून कळेल, आणि ती जागा कॅमेऱ्याची आहे. दुसरे, जर्मनीचे थॉमस डिमांड. शिक्षण शिल्पकलेचं. बातमीतल्या फोटोवरून ते एखादी खोली खऱ्या आकारात कागद आणि पुठ्ठ्यानं बांधतात, फोटो काढतात आणि खोली नष्ट करतात. फोटोत पहिल्यांदा खरी खोली वाटते. मग लक्षात येतं, कागदांवर एक अक्षर नाही, टेबलावर एक ओरखडा नाही. माझं मत विचाराल तर मला रूस यांच्यापेक्षा डिमांड जास्त अस्वस्थ करतात. रूस यांचं कोडं सुटलं की सुटलं.

आता तुमच्यासाठी एक काम. करवत नको हं! घरमालक आणि आई दोघांचीही शिव्यांची लाखोली मला नकोय. फक्त फोन. तुमच्या घराचे दहा-बारा फोटो काढा, पॅनोरमा न वापरता. खोलीत फिरत काढा: दारातून, पलंगाखालून, माळ्यावर चढून खाली, जमिनीवर झोपून वर. फोन सरळ धरायचा हट्ट नको. मग झेरॉक्सच्या दुकानात साध्या कागदावर प्रिंट काढा, काळे-पांढरे चालतील. जमिनीवर पसरा, कात्री आणि चिकटपट्टी घ्या, आणि घर जोडा. एखादी रेषा धरा, ट्यूबलाइटची वायर, फरशीची सांध, पंख्याचा दांडा, काहीही, आणि ती सगळ्या फोटोंतून चालू ठेवा. कडा जुळवायचा प्रयत्न कराल, जुळणार नाहीत. नका जुळवू. मग ते कोलाज शेजारी ठेवून घरभाड्याच्या ॲपवर तुमच्याच घरासारख्या एखाद्या वन आरकेचा फोटो उघडा, तो वाइड अँगलनं काढलेला, ज्यात दहा बाय दहाची खोली बॅडमिंटन कोर्टासारखी दिसते. आणि घरातल्या कोणालातरी विचारा, यातलं आपलं घर कुठलं. काय उत्तर येतंय ते मला कळवा.

फोटो आता शोधायला हरकत नाही. ‘स्प्लिटिंग’ आणि ‘कोनिकल इंटरसेक्ट’ या नावांनी मिळतील, कलाकाराचं नाव जोडा, गॉर्डन मॅटा-क्लार्क. ‘स्प्लिटिंग’ची फिल्म मूक आहे, दहा-अकरा मिनिटांची, त्यात ते घर कलताना दिसतं. आणि न्यूयॉर्कमध्ये कोणी मावस-चुलत असेल तर त्यांना हडसन नदीच्या काठी व्हिटनी संग्रहालयासमोर पाठवा. तिथे ‘पिअर ५२’ नावाच्या धक्क्यावर एक जुनी गोदी होती. १९७५ मध्ये मॅटा-क्लार्कनं तिच्या पत्र्याच्या भिंतीत होडीच्या शिडासारखं, अर्ध्या चंद्रासारखं मोठं भोक पाडलं होतं, ‘डेज एंड’ नावानं, आणि त्यापायी पोलिसांचं प्रकरणही झालं. गोदी कधीच गेली. २०२१ मध्ये डेव्हिड हॅमन्स या कलाकारानं नेमकी त्याच जागी त्या गोदीची बाह्यरेषा उभी केली. नुसते स्टीलचे दांडे, भिंती नाहीत, छप्पर नाही. पाण्यावर उभं असलेलं घराचं चित्र, आणि त्यातून आरपार नदी दिसते. मॅटा-क्लार्कचं भोक त्यात दाखवलेलं नाही. भिंतच नाही तर भोक कुठे पाडणार?

चला, भेटू पुढच्या भागात.